पाटीवरची किंमत, पावतीवरची रक्कम: मोबाइल विक्रीतल्या छुप्या आकारांचा आढावा

मोबाइलच्या दुकानात एका फोनला निदान चार किमती असतात. खोक्यावर छापलेली एमआरपी ही पहिली. दुसरी एमओपी, म्हणजे बाजारात प्रत्यक्ष चालणारी आणि कंपनीने दुकानदारांना कळवलेली किंमत. तिसरी काचेवर चिकटवलेली, ‘महिना फक्त १,९९९’. आणि चौथी म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून शेवटी जाते ती एकूण रक्कम. पहिल्या तीन विचारल्या तर लगेच सांगितल्या जातात. तक्रारी होतात त्या चौथीबद्दल, आणि त्याही बहुधा महिन्या-दोन महिन्यांनी, हप्त्याबरोबर कुठल्याशा ‘प्रोटेक्शन प्लॅन’चे पैसे कापल्याचा संदेश आल्यावर.

राग निघतो तो दुकानदारावर, कारण तोच समोर उभा असतो. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतले नियम, सरकारी आदेश आणि व्यापाऱ्यांची आपापसातली भांडणे क्रमाने पाहिली, तर वादाचे केंद्र किमतीवरून हळूहळू संमतीकडे सरकलेले दिसते. ग्राहकाला काय सांगितले, कोणी सांगितले आणि त्याचा होकार नेमका कुणी नोंदवला, यावर आता सारे अडते.

मागची वीस-बावीस वर्षे

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये फोन बराच काळ दूरसंचार कंपनीच्या कराराबरोबर मिळत आला. भारतात तसा मोठा प्रयत्न २००३ च्या पावसाळ्यात झाला. रिलायन्स इन्फोकॉमच्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून सीडीएमए फोन हातात पडत होता आणि बाकीचे पैसे दरमहाच्या बिलातून जायचे होते. फोन घरोघर पोचले, पण मागोमाग बिलांवरचे वाद आणि मोठी थकबाकीही आली. पुढे देश प्रीपेडवर स्थिरावला. सिम आणि फोन यांची खरेदी वेगळी झाली आणि फोनची विक्री गल्लीतल्या स्वतंत्र दुकानांच्या हाती राहिली.

त्या काळातली लूट लहान रकमांची होती. न मागता सुरू झालेली कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचा स्कोअर अशा सेवांपायी रिचार्जमधले पाच-दहा रुपये गुपचूप वजा व्हायचे. ट्रायने जुलै २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाचा दुहेरी होकार सक्तीचा केला. मोबाइलच्या व्यवहारात ‘होकार’ हा नियमनाचा विषय ठळकपणे झाला तो तिथून.

त्याचे गंभीर रूप २०१७ मध्ये दिसले. सिमची आधार-पडताळणी करायला दुकानात गेलेल्या लोकांनी यंत्रावर बोट ठेवले आणि त्यांच्या नकळत एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांची खाती उघडली गेली. पुढे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदानही काहींच्या नेहमीच्या खात्याऐवजी तिकडे वळले. त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना स्थगित केला आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बोट ग्राहकाचे होते, यंत्र दुकानात होते आणि फायदा तिसऱ्याचाच होत होता. आजच्या वादाची मांडणीही जवळपास अशीच आहे, फक्त बोटाच्या जागी ओटीपी आला आहे.

दरम्यान बाजाराचा नकाशाच बदलला. २०१४ मध्ये मोटो जी आणि शाओमीचा एमआय ३ हे फोन भारतात फक्त फ्लिपकार्टवर विकले गेले आणि ‘ऑनलाइन एक्सक्लुझिव्ह’चे युग सुरू झाले. किमतीची तुलना ग्राहकाच्या तळहातावर आली. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. फोनवरची कमाई आक्रसल्यावर दुकानांचा भर फोनभोवतीच्या गोष्टींवर गेला: काच, कव्हर, चार्जर, विमा, वाढीव वॉरंटी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हप्ते.

काउंटरवर काय काय घडते

काही प्रकार सरळसरळ बेकायदा आहेत. ‘बिल हवे असेल तर १८ टक्के वेगळे’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असेल. एमआरपीत सर्व कर धरलेलेच असतात आणि छापील किमतीच्या वर विकणे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत बसत नाही. बिल न देणे ही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरी हा सौदा चालतो, कारण त्या क्षणी तो ग्राहकालाही स्वस्त वाटतो. पुढे वॉरंटी मागताना, फोन चोरीला गेल्यावर पोलिसांत जाताना किंवा ग्राहक आयोगासमोर उभे राहताना आयएमईआय क्रमांक असलेले बिल लागते, आणि ते नसते.

कार्ड घासल्यावर दोन टक्के जादा मागणे हा दुसरा प्रकार. डेबिट कार्डावर दुकानदाराने असा अधिभार लावणे योग्य नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या व्यवहारावर मोठ्या व्यापाऱ्याकडून बँक जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि तेही १,००० रुपयांपर्यंतच घेऊ शकते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर तर २०२० पासून हा आकारच नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही, आणि ‘दोन टक्के’ बहुतेक तिथूनच येतात.

काही प्रकार कडेकडेने जातात. जाहिरातीतले मॉडेल ‘कालच संपले’ असते. काचेची किंमत आधी न सांगता ती फोनवर चिकटवून मग बिलात धरली जाते. जुन्या फोनचा ‘एक्स्चेंज बोनस’ हजारांत सांगितला जातो आणि फोन पाहिल्यावर मूळ मूल्यच खाली येते. आधी सुरू करून पाहिलेला संच नव्याच्या भावात दिला जातो आणि वॉरंटीचे काही महिने आधीच सरलेले असतात. यांतले फसवणूक काय आणि घासाघीस काय, हे प्रत्येक वेळी ठरवणे सोपे नसते.

‘नो कॉस्ट’चे गणित

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग हप्त्यांचा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते व्याज कुठे ना कुठे वसूल होते, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या त्याच परिपत्रकात घेतली होती. त्यानंतर ‘झिरो परसेंट’ची जागा ‘नो कॉस्ट’ने घेतली. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज लागते, पण तेवढीच सूट आधी देऊन ते झाकले जाते.

क्रेडिट कार्डावर ३०,००० रुपयांचा फोन सहा महिन्यांच्या नो कॉस्ट हप्त्यांवर घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के आहे असे समजू. दरमहा ५,००० भरायचे. त्यात साधारण १,२७० रुपये व्याज असते आणि तेवढी सूट मुद्दलातून वजा केलेली असते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, ग्राहकच भरतो. प्रक्रिया शुल्क १९९ धरले तर करासह आणखी २३५ होतात. मिळून साडेचारशेच्या वर गेले. रक्कम फार मोठी नाही, पण तिला ‘शून्य’ म्हणता येत नाही.

वित्तकंपनीच्या हप्त्यांत फरक मोठा असू शकतो. समजा, फोनची नो कॉस्ट किंमत २४,००० आहे आणि रोख देणाऱ्याला तो २३,००० ला मिळतो. योजना ‘बारा-चार’ची आहे, म्हणजे बारांपैकी चार हप्ते आधी, ८,००० रुपये. उरलेले आठ हप्ते दरमहा २,००० चे. वर ६०० रुपये ‘फाइल चार्ज’. रोखीच्या किमतीशी ताडून पाहिले तर ग्राहकाने प्रत्यक्षात १४,४०० रुपये उसने घेतले आणि आठ महिन्यांत १६,००० फेडले. हा वार्षिक दर सुमारे २९ टक्के पडतो. त्यातच नको असलेला ९०० रुपयांचा विमा पहिल्याच दिवशी घेतला गेला असेल तर तो ४७ टक्क्यांच्या आसपास जातो. आकडे नमुन्याचे आहेत, पण रचना रोजची आहे. इथे खरा खर्च व्याजाच्या रकान्यात दिसत नाही. तो न मिळालेल्या रोख सवलतीत, आगाऊ हप्त्यांत आणि फाइल चार्जमध्ये वाटला गेलेला असतो.

दुकानदार काय म्हणतात

व्यापाऱ्यांची बाजू ऐकल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. दुकानात एखाद्या ब्रँडचा टी-शर्ट घालून उभे असलेले प्रमोटर बरेचदा दुकानाचे नोकर नसतात. त्यांचा पगार आणि इन्सेन्टिव्ह ब्रँडकडून किंवा त्याने नेमलेल्या एजन्सीकडून येतो. कोपऱ्यात टॅब घेऊन बसलेला ‘फायनान्सवाला’ कर्ज देणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्यालाही महिन्याचे टार्गेट असते. गिऱ्हाइकाला मात्र ही सगळी माणसे ‘दुकानवाले’च वाटतात.

दीड लाखांहून अधिक विक्रेत्यांचे प्रतिनिधित्व करत असल्याचे सांगणारी ‘आयम्रा’ ही मोबाइल विक्रेत्यांची संघटना वर्षानुवर्षे एकच तक्रार मांडते आहे: नवे मॉडेल आधी ऑनलाइन जाते, तिथे ते दुकानदाराच्या खरेदीभावापेक्षाही स्वस्त विकले जाते आणि उरलेला माल दुकानांच्या गळ्यात मारला जातो. या तक्रारीत तथ्य आहे की नाही, हा निव्वळ व्यापाऱ्यांच्या रडगाण्याचा विषय राहिलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात मोबाइल फोनचे एक्सक्लुझिव्ह लाँच आणि निवडक विक्रेत्यांना झुकते माप हे मुद्दे होते.

एप्रिल २०२४ मधला प्रसंग अधिक बोलका आहे. दक्षिण भारतातल्या संघटित मोबाइल विक्रेत्यांच्या संघटनेने १ मेपासून वनप्लसची उत्पादने विकणार नसल्याचे कळवले. सहा राज्यांतली सुमारे साडेचार हजार दुकाने त्यात होती आणि महाराष्ट्रही होता. कारणे तीन: तुटपुंजे मार्जिन, वॉरंटीचे रखडलेले दावे आणि एका उत्पादनाबरोबर दुसरे घेण्याची सक्ती. म्हणजे ‘फोनबरोबर हेही घ्या’ ही सक्ती गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदारावर होत असल्याची तक्रार खुद्द दुकानदारांची होती. त्याने दुकानदाराचे स्वतःचे वागणे माफ होत नाही. पण दबाव कुठून सुरू होतो, ते कळते.

वित्तकंपन्या आणि ग्राहक संघटना

कर्ज देणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, हातात एकरकमी पंधरा-वीस हजार नसलेल्या लाखो कुटुंबांत स्मार्टफोन आला तो हप्त्यांमुळेच. ज्यांचा बँकेत कर्जाचा इतिहासच नाही, अशांना तारणाशिवाय, दहा मिनिटांत कर्ज देण्यात जोखीम असते आणि तिची किंमत कुणीतरी मोजतेच. शिवाय सर्व आकार अॅपवर आणि करारात लिहिलेले असतात आणि ओटीपी दिल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. ही बाजू पोकळ म्हणता येणार नाही. फोन आज कामाचे हत्यार आहे, आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला तो सहा महिने पैसे साठवून घेणे परवडत नाही.

ग्राहक चळवळीची हरकत त्या ओटीपीवरच आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीपासून १९७५ च्या मुंबई ग्राहक पंचायतीपर्यंत महाराष्ट्रातल्या चळवळीने ‘ग्राहकाला आधी माहिती, मग व्यवहार’ हा आग्रह धरला. काउंटरवर हा क्रम उलटतो. फोन हातात आलेला असतो, जुन्यातले सिम नव्यात गेलेले असते, आणि मग ‘सर, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा’ असे म्हटले जाते. ग्राहक आकडा वाचून दाखवतो, संदेशातला मजकूर नाही. एकाच ओटीपीवर कर्ज, विमा आणि एखाद्या सभासदत्वाला मिळून होकार घेतला जात असेल, तर त्याला जाणीवपूर्वक दिलेली संमती म्हणावे का, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याला वित्तकंपन्यांकडून समाधानकारक उत्तर आलेले नाही.

नियम कुठवर पोचले

कायदा नाही अशी स्थिती मुळीच नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे ही या कायद्याने अनुचित प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष फोनच्या बाबतीत त्यापुढे टिकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच खूण केलेले संमतीचे चौकोन बंद केले. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी १३ ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचना) नावानिशी सांगितले. न मागता टोपलीत वस्तू टाकणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हे त्यांतले दोन. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’साठी जादा आकारणीच्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांना जाहीर करावे लागले.

कर्जाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचे पाऊल अधिक ठाम पडले आहे. क्रेडिट कार्डांविषयीच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मुद्दल, व्याज आणि सूट हे तिन्ही आकडे हप्ते बांधण्याआधी वेगळे दाखवण्याचे बंधन आहे, आणि व्याज असलेल्या हप्त्यांना ‘नो कॉस्ट’चा मुखवटा घालण्यास मनाई आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकेने बजाज फायनान्सला ‘ई-कॉम’ आणि ‘इन्स्टा ईएमआय कार्ड’ या दोन उत्पादनांखाली नवे कर्ज देणे थांबवायला सांगितले. कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद ग्राहकांना दिला जात नाही, हे त्यातले मोठे कारण होते. मे २०२४ मध्ये निर्बंध उठले. नंतर १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी हा कागद सर्वत्र सक्तीचा झाला. त्यात सगळे आकार धरून एकच वार्षिक दर लिहावा लागतो, आणि जो आकार त्यात नाही तो ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. वरच्या उदाहरणातला फाइल चार्ज त्या दरात उघड दिसायला हवा. या वादातली सर्वांत उपयोगी सुधारणा कोणती, असे विचारले तर उत्तर हेच.

इतर देशांतही हा प्रश्न निम्माच सुटला आहे. ब्रिटनमध्ये टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या किमतींवर एप्रिल २०२५ पासून कायद्याने बंदी आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा छुप्या शुल्कांविरुद्धचा नियम मे २०२५ मध्ये लागू झाला, पण तो कार्यक्रमांची तिकिटे आणि अल्पमुदतीचा निवास यांपुरताच. फोनची दुकाने त्याबाहेर राहिली.

न सुटलेले प्रश्न

पहिली अडचण अधिकारक्षेत्राची. पंधरा मिनिटांच्या एका खरेदीत छापील किमतीसाठी वैधमापन खाते, बिलासाठी जीएसटी विभाग, कर्जासाठी रिझर्व्ह बँक, विम्यासाठी विमा नियामक आणि सिमसाठी दूरसंचार विभाग येतो. त्यातही ‘विमा’ म्हणून विकलेला प्रत्येक प्लॅन कायद्याने विमा असतोच असे नाही. काही निव्वळ सेवा-करार असतात, आणि मग विमा लोकपालाचे दार बंद होते. ग्राहकाला हा फरक दावा फेटाळल्यावर कळतो.

दुसरा प्रश्न डार्क पॅटर्नच्या व्याप्तीचा. ती तत्त्वे पडद्यावरच्या रचनेला, वेबसाइट आणि अॅपला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तोच प्रकार माणसाने तोंडी केला, न विचारता बिलात काच धरली, तर जुन्या ‘अनुचित प्रथे’च्या व्याख्येकडे जावे लागते आणि पुरावा ग्राहकाला द्यावा लागतो. ऑनलाइन फसवणुकीचा निदान स्क्रीनशॉट काढता येतो.

तिसरा मुद्दा कर्ज मोडण्याचा. डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी निदान एक दिवसाची मुभा आता नियमांत आहे. पण फोनचे सील तुटलेले असते आणि मन बदलले म्हणून तो परत घेण्याचे बंधन दुकानावर नाही. कर्ज परत करता येते, वस्तू नाही. या दोन नियमांचा मेळ कुणी घातलेला नाही.

सर्वांत ताजा वाद फोन लॉक करण्याचा. हप्ता चुकला की दुरून फोन बंद पाडणारी अॅप कर्ज देणाऱ्या कंपन्या वापरत होत्या. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ती थांबवायला सांगितली. सप्टेंबर २०२५ मध्ये, आधी संमती घेऊन आणि खासगी माहितीला हात न लावता अशी परवानगी देण्याचा विचार चालू असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. पाठिराखे म्हणतात, त्यामुळे बुडीत कर्ज घटेल आणि कमी उत्पन्नाच्या लोकांनाही कर्ज मिळेल. विरोधक विचारतात, ज्याची रोजची कमाई त्या फोनवर चालते त्याचा फोन बंद करून वसुली कशी होणार? आणि इथेही संमती घेतली जाणार ती बहुधा त्याच काउंटरवर, ओटीपीने.

हे प्रश्न सुटेपर्यंत ग्राहकाच्या हाती काही साधने आहेत. फोन घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय पाहावा आणि ‘संचार साथी’वर तपासावा. हप्त्यांवर घेताना ओटीपी सांगण्याआधी कर्जाचा मुख्य माहितीचा कागद मागावा आणि रोखीची किंमत काय, हे मोठ्याने विचारावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या कायद्यामुळे दुकान कुठेही असले तरी ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.